जुन्या पत्त्यावरचा दिवा

दार उघडलं आणि आधी वारा आला. गार, कोरडा, हिवाळ्यातून थेट उचलून आणल्यासारखा. मग स्वेटर आला. बाहेर भर उन्हाळ्याची दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हा माणूस गळ्यापर्यंत निळा स्वेटर चढवून दारात उभा! चेहऱ्यावर चष्मा होता, पण चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते. थंडीतून उकाड्यात पाऊल टाकताच दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"आलात? बरं झालं. किती वेळ वाट बघतोय," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नव्हे... माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघून.

त्या दिवसांत कुणी माझी वाट बघत असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. सकाळपासून जिथे जिथे गेले होते, तिथे तिथे 'कळवतो' हे एकच उत्तर ऐकून आले होते. त्यामुळे तोंडातून आपसूक निघून गेलं, "हो... आले."

"मग चला, शिडी धरा. पाणी मशीनवर गळलं तर माझी नोकरी त्या पाण्यातच वाहून जाईल."

मी चप्पल काढून आत गेले. उंच काळी कपाटं ओळीनं उभी होती. कपाटात एकावर एक मशीनं, आणि प्रत्येक मशीनवर इवलासा हिरवा दिवा. कुठे शांत, कुठे लुकलुकणारा. शेकडो भुंगे एका भिंतीत कोंडल्यासारखा एकसारखा घुमणारा आवाज. तो भराभर शिडी चढला, वरच्या एसीत डोकं घातलं, आणि मी एका हातानं शिडी, दुसऱ्या हातानं बादली धरून खाली उभी. थंडीनं माझे दात वाजायला लागले होते.

"पाना द्या."

मी पान्यासारखं जे दिसलं ते वर दिलं.

"ही पक्कड आहे."

"मग पाना कसा असतो?"

मग शिडीवरून एक चेहरा खाली वाकला. काचा आता स्वच्छ झाल्या होत्या. त्यामागे दोन डोळे होते, आणि ते फार गोंधळले होते.

"तुम्ही... एसीवाल्या नाही."

"नाही."

"मग शिडी का धरलीत?"

"तुम्ही म्हणालात म्हणून. आणि आता सोडली तर पडाल."

तो हसला. शिडी हलली. मी ती घट्ट धरली... आता वाटतं, तेव्हाच काहीतरी धरलं गेलं ते सुटलंच नाही.

"मग आलात कशाला?"

"एक मशीन भाड्यानं हवंय मला. तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त."

*

माझा धंदा समजावून सांगताना माझी नेहमी फजिती व्हायची. आत्याला सांगायला गेले, तेव्हा ती पडदे शिवत होती. तिच्याच घरात, तिच्या शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर माझं ऑफिस होतं.

"आत्या, लोकांच्या वेबसाइट असतात ना, त्या कुठल्यातरी मशीनवर राहतात. ते मशीन सदा चालू लागतं. मी एक मोठं मशीन भाड्यानं घेणार, त्यात छोट्या छोट्या खोल्या पाडणार, आणि एकेक खोली एकेका दुकानदाराला देणार."

आत्यानं दातातला दोरा तोडला. "म्हणजे पोटभाडेकरू."

"होस्टिंग म्हणतात त्याला."

"म्हणा काहीही. घर दुसऱ्याचं आणि भाडं तू खाणार, म्हणजे पोटभाडेकरूच. चांगलंय. पाण्याच्या मोटारीवरून भांडणं तरी नाहीत."

नाव ठेवलं 'वळचण'. चिमण्यांसाठी कुणी मुद्दाम घर बांधत नाही, पण छपराची कड जरा पुढे आली की त्या तिथे संसार मांडतात. मला तेवढंच करायचं होतं. मोठ्या कंपन्या ज्यांना दारातही उभं करत नाहीत, त्यांच्यासाठी छपराची जराशी कड.

भांडवल म्हणजे जुन्या नोकरीतली शिल्लक. ती ऐकून बँकेतला माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार. बाबांशी बोली झाली होती ती एका वर्षाची. वर्षभरात धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं जुन्या ऑफिसात, जुन्या खुर्चीत. ती खुर्ची मला अजून आठवते. खिडकीकडे पाठ, आणि समोर दुसऱ्याची पाठ.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते बेकरीवाल्या काकूंच्या रूपानं. घरातल्या घरात केक करायच्या. फोनवर ऑर्डर घेताना पिठाचे हात फोनला लागायचे, म्हणून वैतागलेल्या. मी त्यांना वेबसाइट करून दिली. लोक आपली ऑर्डर तिथेच भरतात, लगेच पोच येते, आणि काकू हात धुऊन निवांत वाचतात. काकू इतक्या खूश झाल्या की केक न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला माझं नाव सांगायला लागल्या. "अहो, तुमची साइट कुठे राहते? भाड्याच्या घरात? आमच्या पोरीकडे या!" पोहायला शिकवणारे सर आले, घड्याळं दुरुस्त करणारे आले, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वळचणीला एकेक चिमणी बसत गेली.

आणि मी? मी थंड खोलीत जात राहिले.

*

खरं सांगायचं तर जायची काही गरज नव्हती. आत्याच्या टेबलावर बसून मशीनचं सगळं काम होत होतं. पण पहिल्या आठवड्यात मी मशीन 'बघायला' गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यावर 'वळचण' अशी चिठ्ठी चिकटवायला गेले. तिसऱ्या आठवड्यात ती चिठ्ठी नीट चिकटली आहे ना, ते बघायला.

"काय म्हणते वळचण?" तो विचारायचा. मला तो त्याच नावानं हाक मारायचा, आणि मी मनातल्या मनात त्याला 'स्वेटर' म्हणायचे.

"जरा हळू चालतंय असं वाटलं. म्हणून म्हटलं, प्रत्यक्ष बघावं."

"प्रत्यक्ष बघून कळतं?"

"दिव्यावरून कळतं ना. तुम्हीच म्हणालात."

ते मात्र त्यानंच शिकवलं होतं. मशीनवरचा छोटा दिवा लुकलुकला की समजायचं, कुणीतरी दार वाजवलं. कुणी केक बघतंय, कुणी घड्याळ. "आत कोण आलं, काय बोललं, ते आपण बघायचं नाही," तो म्हणाला होता. "पण घर जागं आहे की झोपलंय, ते दिव्यावरून कळतं." मग आम्ही दोघं माझ्या दिव्याकडे बघत उभे राहायचो. लुक... लुकलुक... आणि कधी एकदम लुकलुकलुक.

"काकूंनी नवा केक काढलेला दिसतोय," तो म्हणायचा.

खोलीत हुडहुडी भरायची. पाहुण्यांसाठी खुंटीवर एक जाकीट होतं, इतकं जुनाट वासाचं की थंडी परवडली. एका आठवड्यात गेले तर त्याच्या शेजारी दुसरा स्वेटर होता. पिवळा, धुतलेला, आणि बाह्या अगदी माझ्या मनगटापाशी थांबणाऱ्या.

"कंपनीनं घेतला?"

"हो. म्हणजे... कंपनीतल्या एकानं." आणि तो उगीचच एक वायर सरळ करायला लागला. ती आधीच सरळ होती.

आत्या सगळं ओळखून होती. तिला शिवताना ओव्या रचायची खोड. जे दिसेल ते ओवीत. मी घरी आले की मशीनचं चाक फिरायला लागायचं आणि वर सूर लागायचा —

*थंडगार गं खोलीत, भाची माझी जाते-येते*
*सर्दी म्हणे नाकाला, लाली गालावर येते!*

"आत्या, पुरे!"

"मी काय केलं? मी पडद्याला गाणं म्हणतेय."

पण एक गोष्ट मला खुपायची. त्या इमारतीखाली चहाची टपरी होती. निघताना मी दारात रेंगाळायचे. "खालचा चहा बरा असतो का हो?"

"बरा असतो म्हणतात."

बस्स. तेवढंच. एवढं बोलून तो कॉरिडॉरमध्ये त्याच्या साहेबांनी लावलेल्या पाटीकडे बघायचा आणि आत जायचा. ती पाटी मी वाचली होती. चप्पल बाहेर काढावी. आत खाऊ-पिऊ नये. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी कामाखेरीज ऊठबस ठेवू नये. पूर्वी कुणीतरी मित्राला फुकट मशीन वापरू दिलं होतं, तेव्हापासून लागलेली. असल्या पाट्या कोण मनावर घेतं! मला वाटायचं, याला यायचंच नसणार. स्वेटर काय, कुणालाही दिला असता.

*

वर्ष संपत आलं. गिऱ्हाइकं होती, पण मशीनचं भाडं जाऊन हातात उरायचं ते अगदीच नखाएवढं. बाबांचा फोन आला. रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "तुझ्या जुन्या साहेबांनी विचारलंय गं. पुढच्या महिन्यात जागा आहे म्हणाले."

त्याच आठवड्यात मी थंड खोलीत गेले. दिवा लुकलुकत होता. तो मात्र दिव्याकडे बघत नव्हता.

"एक सांगू? राग मानू नका," तो म्हणाला. "हे मशीन तुम्हाला मोठं होतंय. निम्मं घर रिकामंच आहे. पुलापलीकडे नवीन लोक आलेत, त्यांच्याकडे छोटं मशीन मिळेल. निम्म्या भाड्यात. मी चौकशी केली आहे."

"माझ्यासाठी चौकशी केलीत?"

"हो. तुमचा धंदा टिकेल तिकडे."

"म्हणजे... मी इथून जावं."

त्यानं चष्मा काढला, उगीच पुसला, आणि म्हणाला, "हो. आणि जितक्या लवकर जाल तितकं बरं."

जितक्या लवकर!

सल्ला शहाण्यासारखाच होता. हिशेबाला पक्का, माझ्याच भल्याचा. पण शब्द कानातून खाली उतरतात आणि तिथे कुणी हिशेब करत नाही. मी पिवळा स्वेटर काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला.

"तो ठेवा ना... लागेल," तो म्हणाला.

"तिकडे कदाचित एवढी थंडी नसेल," मी म्हणाले.

आणि मग मी जे केलं, ते माझ्या धंद्यातला नवशिक्यासुद्धा करणार नाही. वेबसाइटचं घर बदललं की तिचा पत्ता बदलतो, आणि नवा पत्ता सगळ्या जगाला एकदम कळत नाही. कुणाच्या कंप्युटरला लगेच कळतो, कुणाचा दोन-दोन दिवस जुन्याच दारावर जात राहतो. म्हणून जुनं घर लगेच सोडायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, दिवा लावून ठेवायचा, शेवटचा चुकलेला पाहुणा येऊन जाईपर्यंत. हे मला पाठ होतं. काकूंना मीच तर समजावलं होतं.

पण शुक्रवारी सकाळी मी सगळं सामान नव्या मशीनवर नेलं, पत्ता बदलला, माझ्या कंप्युटरवर नवं घर झकास दिसलं... आणि मी तडक त्या इमारतीत गेले. तो आत होता. काचेतून निळी पाठ दिसली. मी साहेबांच्या टेबलावर मशीन सोडत असल्याचा कागद सही करून दिला, चावी म्हणून असलेला पासवर्ड परत केला, आणि म्हणाले, "आजच बंद करा."

"आजच? पुसून टाकू?"

"आजच. उगीच पुढच्या महिन्याचं भाडं कशाला?"

भाड्याचं नुसतं निमित्त होतं. मला त्या खोलीत माझा दिवा लुकलुकताना ठेवायचा नव्हता, एवढंच.

*

शनिवारी दुपारी काकूंचा फोन.

"अगं पोरी, कालपासून एकही ऑर्डर नाही! उद्या रविवार. रविवारचे केक म्हणजे माझा अर्धा आठवडा. मला वाटलं, लोकांचा गोडावरून जीव उठला."

"बघते हां, काकू..."

"ऐक तर. आत्ता शेजारची आली होती. तिच्या जुळ्यांचा उद्या वाढदिवस. म्हणते, 'काकू, दोन रंगांचा करताय ना?' मी म्हटलं, कसला? तर म्हणे, काल रात्रीच ऑर्डर भरली, पोचसुद्धा आली! अगं, माझ्याकडे काहीच नाही. अशा अजून किती जणी असतील? उद्या दारात पोरं उभी राहतील, मी काय त्यांच्या हातात रिकामे खोके देऊ?"

त्या सगळ्या ऑर्डरी जुन्या पत्त्यावर गेल्या होत्या. मी स्वतः सही करून पुसायला सांगितलेल्या घरात.

मी फोन लावला. वाजत राहिला. त्या भुंग्यांच्या आवाजात आतल्या माणसाला फोन ऐकू येत नाही, हे मलाच माहीत. पासवर्ड परत दिलेला, त्यामुळे इथून डोकावताही येईना.

"आत्या, मी जाऊन येते."

आत्यानं चेहरा बघितला. ओवी नाही, टोमणा नाही. "पैसे आहेत ना बसला? जा."

बस सिग्नलला थांबली की मला वाटायचं, उतरून पळत सुटावं. वळचण बुडणार. काकूंचं नाव जाणार, त्यांच्यामागे सर, घड्याळवाले, डॉक्टरीणबाई... एकेक चिमणी भुर्र. आणि मग ती खुर्ची. खिडकीकडे पाठ.

पुलावर बस अडकली, तेव्हा एक गोष्ट अचानक ध्यानात आली. शेजारणीनं ऑर्डर भरली काल रात्री. आणि तिला पोच आली! बंद घरातून पोच कशी येईल? म्हणजे काल रात्रीपर्यंत तरी दिवा चालू होता...

पण आज?

*

जिने मी कसे चढले, आठवत नाही. शनिवार असल्यानं कॉरिडॉर सुना. मी दार ठोकलं, पुन्हा ठोकलं. मग दार उघडलं, आणि आधी तो वारा आला.

काचा पांढऱ्या झालेला चष्मा माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला, "आलात? बरं झालं. किती वेळ वाट बघतोय."

"ए... एसीवाल्याची?" मला धाप लागली होती.

"नाही. या वेळी नाही."

"माझं मशीन... पुसलं?"

तो बाजूला झाला. मी चप्पल भिरकावली आणि आत धावले. शेवटचं कपाट, मधला कप्पा. माझी चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटून आलेली. आणि तिच्याखाली तो हिरवा दिवा...

लुक. लुक... लुकलुक.

मी तिथेच जमिनीवर बसले. आधी हसू आलं की रडू, ते मला अजूनही सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दारातून येऊन चेंगरली असावीत.

"साहेबांनी काल संध्याकाळी पुसायला सांगितलं होतं," तो मागून म्हणाला. "पुसायला आलो, तर दिवा असा. पाहुणे येतच होते. भरल्या घराला कुलूप कसं लावणार? साहेबांना फोन केला, म्हटलं, सोमवारपर्यंत राहू द्या, महिना तसाही तोवर संपत नाही. ते म्हणाले, बरं. तुम्हालाही कळवणार होतो, पण नंबर तुमच्या फाइलमध्ये. फाइल साहेबांच्या कपाटात, आणि साहेब गावाला. म्हटलं, ज्याचं सामान राहिलंय तो येईलच."

"आत बघितलंत?"

"नाही हो. दिवा बघितला फक्त."

पासवर्ड पुन्हा माझ्या हातात आला. कडाक्याच्या थंडीत, गारठलेल्या बोटांनी मी एकेक ऑर्डर उचलली आणि नव्या घरी पाठवली. जुळ्यांचा दोन रंगांचा केक. एका आजोबांचा बिनसाखरेचा. कुणा एकाची मागणी, 'नाव लिहू नका, फक्त सॉरी लिहा'. एकही सांडली नव्हती. अंगावर काहीतरी पडलं म्हणून बघितलं, तर पिवळा स्वेटर.

मी काकूंना फोन लावला. पलीकडून केवढा तरी सुस्कारा. "देवा... ऐकलं का, ओव्हन तापवते मी! अगं, आणि तो सॉरीवाला केक जरा मोठाच करते. बिचारा."

फोन ठेवला. भुंगे घुमत होते. कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

"एक विचारू?" मी म्हणाले. "मला लवकर जा म्हणालात. मग माझं घर का राखत बसलात?"

तो पुन्हा त्या सरळ वायरकडे गेला. मी हात आडवा घातला.

"पाटी वाचलीत ना बाहेरची?" तो म्हणाला.

"कुठली? चप्पल बाहेर काढावी?"

"तिसरी ओळ."

मी मनात ओळ आठवली... आणि थांबले.

"तुम्ही ग्राहक होतात," तो हळू म्हणाला. "प्रत्येक वेळी चहाचं विचारायचात. प्रत्येक वेळी... फार जड जायचं. मग हिशेब बघितला, तर तुम्हाला इथलं भाडं झेपत नव्हतं. म्हटलं, ही तिकडे गेली तर धंदाही टिकेल आणि... मलाही विचारता येईल. म्हणून म्हणालो, लवकर."

"हे असं सांगतात?" माझा आवाज चढला. "माणसानं वर्षभर सर्दी अंगावर काढली, आणि तुम्ही 'जितक्या लवकर जाल तितकं बरं'!"

"चुकलंच ते. वाक्य घरी नीट बसवलं होतं. इथे येईपर्यंत त्याचं पुढचं अर्धं गळून पडलं."

"आणि काल मशीन पुसलं असतं, तर मी ग्राहक राहिले नसते. कालच विचारता आलं असतं की!"

"हो ना," तो म्हणाला आणि दिव्याकडे बघून हसला. "पण पाहुणे होते ना तुमच्याकडे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसानं माझ्या दारातल्या परक्या पाहुण्यांसाठी स्वतःचा शब्द आणखी दोन दिवस दाराबाहेर उभा ठेवला होता...

"म्हणजे सोमवारपर्यंत मी ग्राहकच?"

"सोमवारपर्यंत."

"आणि पाटी पक्की?"

"फार पक्की."

"पाटीवर कर्मचाऱ्यांनी काय करू नये ते लिहिलंय. ग्राहकांनी काय करू नये?"

त्यानं विचार केला. "चप्पल बाहेर काढावी."

"काढली."

"आत खाऊ-पिऊ नये."

"मग बाहेर जाऊ. आणि ऊठबसही नको. टपरीवर बसायला बाक नाहीच, उभ्यानं घेऊ." मी उठले, स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "ग्राहकाची तक्रार आहे. खालचा चहा बरा असतो म्हणतात, वर्ष झालं, खात्री कुणी करून देत नाही. हे काम आहे. येता का?"

त्यानं दार उघडलं.

उकाडा अंगावर आला. जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळचं तिरपं ऊन आत आलं होतं, आणि त्या उन्हात त्याच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. तो पुसायला गेला... आणि हात तसाच थांबला.

"नको. राहू दे. तुम्ही दिसत नाही आहात, तोवर बोलून टाकतो." त्यानं हात खाली घेतला. "पहिल्या दिवशीही असंच काही दिसत नव्हतं. पण शब्द बरोबर माणसाकडेच गेले होते. आलात, बरं झालं... मला अजूनही रोज तेवढंच म्हणायचं असतं. तुम्ही... मला फार आवडता हो."

हे सगळं तो माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीला सांगत होता. भिंत बिचारी ऐकून घेत होती.

मी पुढे झाले. पिवळ्या स्वेटरची बाही बोटांवर ओढून एक काच पुसली. मग दुसरी. हळूहळू, धुक्यातून एखादं गाव वर यावं तसे ते दोन डोळे वर आले.

"दिसतेय आता?"

"दिसतेय."

"मग परत म्हण."

म्हण. 'तुम्ही' कुठे गळालं, मला कळलंसुद्धा नाही. त्याला मात्र कळलं. कानांपर्यंत कळलं.

आणि त्यानं परत म्हटलं. या वेळी भिंतीला नाही.